काटा उतरला, वाफ नाही

“सातावर! अगं बायांनो, काटा सातावर आलाय!”

पुढून ही आरोळी उठली आणि लाँड्रीच्या बॉयलरखोलीत अशी ढकलाढकली सुरू झाली की टकळीचे पाय क्षणभर जमिनीवरून सुटलेच. एक कोपर तिच्या बरगडीत, एक वेणी तिच्या तोंडात आणि कोणाचा तरी जेवणाचा डबा थेट डोक्यावर! तरी ती टाचा उंच करून बघायचं काही सोडेना. शाळा सुटली की आईला न्यायला ती रोजच लाँड्रीत यायची, पण अशी गर्दी तिनं इथे कधी पाहिली नव्हती. चादरी धुणारे, घड्या घालणारे, टेम्पोवाले, शेजारच्या गल्लीतले म्हातारेकोतारेसुद्धा. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला.

समोर बॉयलर. लोखंडाचं आडवं धूड, खाली कोळशाची भट्टी आणि वर पितळी चौकटीत वाफेचा दाब दाखवणारं गोल घड्याळ. म्हणजे वेळ सांगणारं नव्हे, पण लाँड्रीत सगळे त्याला घड्याळच म्हणत. आजवर त्याचा काटा शंभराच्या आसपास थरथरत असायचा. आज तो सातावर उभा होता. गप्प. कान धरून कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखा.

“भक्तहो,” शीतलमहाराजांनी हात वर केला. पांढरी कफनी, पांढरी झोळी, आवाज तर असा मऊ की ऐकताना जांभई यावी. “क्रोध मोजता येतो. परवा इथे किती होता?”

“शंभर!”

“आज किती?”

“सात!”

“शंभरातून सात गेले, उरले किती?”

“त्र्याण्णव!” टेम्पोवाला ओरडला. त्याला इतक्या लोकांसमोर गणित बरोबर आल्याचा केवढा आनंद झाला होता!

“ते त्र्याण्णव मी प्यायलो.” महाराजांनी पोटावरून हात फिरवला आणि एक बारीकसा ढेकर दिला. त्या ढेकरावर गर्दीनं जीव ओवाळून टाकायचा तेवढा बाकी राहिला.

आता हसू येतं, पण त्या लोकांना हसायची सोय नव्हती. मागच्या महिन्यात याच खोलीत एका नळाचा सांधा उडाला होता आणि बॉयलर सांभाळणाऱ्या काकांचा हात कोपरापर्यंत भाजला होता. या काकांना सगळे थर्मासकाका म्हणत, कारण आत किती गरम आहे ते बाहेरून कधी कळायचं नाही. इतके कमी बोलायचे. पण त्या दिवशी ते असे ओरडले की तो आवाज टकळीच्या आईच्या कानातून अजून गेला नव्हता. आई बाजूच्या मोठ्या खोलीत वाफेच्या रोलरवर हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करायची. त्या दिवसापासून बॉयलरच्या डोक्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळला की हातातली चादर टाकून सगळ्या बायका अंगणात पळायच्या. तो व्हॉल्व्ह पूर्वीही किंचाळायचाच. वाफ जास्त झाली की त्याची वजनाची दांडी उचलली जायची आणि वाफ शिट्टी मारत बाहेर पडायची. पण आता कोणीतरी म्हणालं की वाफेत कोणी आहे. दुसऱ्यानं त्याला तोंड दिलं, तिसऱ्यानं दात. महिनाभरात ते भूत चांगलं अंगापिंडानं भरलं. मालक वैतागले, चादरी वेळेवर जाईनात, आणि मग त्यांनी महाराजांना आणलं. महाराजांची अट एकच: एक रात्र भट्टी थंड ठेवा आणि मला आत एकट्याला सोडा.

“आणि तो किंचाळत होता तो?” कोणीतरी भीत भीत विचारलं.

“त्याचं तोंड मी बांधलंय.” महाराजांनी वर बोट केलं. व्हॉल्व्हच्या दांडीभोवती तांबडं कापड घट्ट गुंडाळलेलं होतं. “आता तो ब्र काढणार नाही.”

टकळीला राहवेना. तिला कधीच राहवत नसे. “महाराज, पण घड्याळ नवीन दिसतंय! काच बघा ना, केवढी चकचकीत!”

आईनं दंडाला असा चिमटा काढला की टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बाळ,” महाराज हसले, “राग गेला की चेहरा उजळतोच. तुझाही उजळेल. थोडं कमी बोलत जा.”

खोलीभर खसखस पिकली. टकळी लाल झाली, पण मागे हटली नाही. “आणि माझी रेघ? ती कुठे गेली?”

रेघेचं असं होतं की काकांची नजर अधू, घड्याळावरचे आकडे बारीक. म्हणून गेल्या वर्षी टकळीनंच आपल्या डाळिंबी नेलपॉलिशनं काचेवर एक आडवी रेघ ओढून दिली होती, एकशे दहावर. काटा रेघेच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. बस्स! त्या लाँड्रीतलं बॉयलरशास्त्र इथे सुरू होऊन इथेच संपायचं. आकडा रोज कोणी वाचत बसत नव्हतं.

“ती भीतीची रेघ होती,” महाराज म्हणाले. “ती मी पुसली. ही घ्या निर्भयतेची खूण.” आणि त्यांनी झोळीतून तांबडा रंग काढून बोटानं बाराच्या आकड्यावर ठिपका लावला. “इथपर्यंत बिनघोर चढवा. सोळा आकडे आहेत, मी तर बाराच मागतोय.”

मालकांनी हात जोडले. थर्मासकाका ठिपक्याकडे बघत राहिले, भाजलेला हात छातीशी धरून.

घरी जाताना आई कितीतरी दिवसांनी मोकळी चालत होती. टकळी मात्र दंड चोळत धुसफुसत होती.

“आई, त्यांनी घड्याळ बदललंय.”

“बदलू दे. तुला काय करायचंय?”

“म्हणजे फसवणूक झाली!”

“होऊ दे फसवणूक.” आई थांबली. “मला आज दिवसभर हात थरथरल्याशिवाय काम करता आलं. तुला कळतं का ते? आवाज नाही, काही नाही. रोज सकाळी कामावर जाताना तुझ्या झोपलेल्या तोंडाकडे बघून मी काय काय मनात आणते ते तुला माहीत आहे?”

टकळीला माहीत नव्हतं. ती पहिल्यांदाच घरापर्यंत गप्प चालली.

घरी आत्या बसलेली. आत्याचं कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान होतं आणि हातांना कायम रबराचा वास. तिनं सगळी हकीकत ऐकली आणि चहाचा घोट घेतला. “त्र्याण्णव प्यायला? मग पोट फुटलं कसं नाही त्याचं? टायरमध्ये जास्त हवा भरली की टायर फुटतं. हा फ्रीजमहाराज भलताच मजबूत रबराचा दिसतोय.”

“वन्सं, थट्टा नको,” आई म्हणाली. विषय तिथेच मिटला.

पण चादरी गप्प बसेनात. दोन-तीन दिवसांत आई बोलता बोलता म्हणाली, “रोलर फार तापतोय हल्ली. चादर जरा रेंगाळली की पिवळी पडते. काल तर एक चक्क तपकिरी झाली.” काका म्हणे कोळसा जास्त घालत होते, कारण काटा आठावर आणायचा होता, मग साडेआठावर. मालक खूश. चादरी पटापट वाळत होत्या आणि दुप्पट गाड्या भरून जात होत्या. व्हॉल्व्ह हूं की चूं करत नव्हता. नळांच्या सांध्यांतून मात्र बारीक फिस्स ऐकू यायचं, पण व्हॉल्व्हच्या किंचाळीनं विटलेल्या कानांना ते गाण्यासारखं वाटत असावं.

टकळीला ते आवडलं नाही. एका संध्याकाळी ती आईची वाट बघत बॉयलरखोलीच्या दाराशी उभी होती आणि तिच्या चपलेखालची फरशी हलकी हलकी थरथरत होती. पूर्वी व्हॉल्व्ह ओरडला की ती दचकायची, पण मागोमाग बरं वाटायचं, रडून मोकळं झालेल्या माणसासारखं. आता ते धूड दात आवळून बसलं होतं. काटा कमी, वाफ कमी, मग चादर तपकिरी कशी? वाफ कमी असती तर चादरी ओल्या राहायला हव्या होत्या!

हे गणित चार दिवस तिच्या डोक्यात अडकलं. सुटलं ते रविवारी दुपारी, आत्याच्या दुकानात.

त्या दुपारी लाँड्रीत सोहळा होता. काटा दहावर नेऊन दाखवायचा होता. महाराज म्हणाले होते, दहा हा पूर्णांक, ज्यानं डोळ्यांनी पाहिला त्याच्या घरची सगळी भीती जाईल. सगळ्यांनी बायकामुलांसकट बॉयलरखोलीत यायचं. आई सकाळपासून तिकडेच. टकळी “अभ्यास आहे” म्हणून निसटली होती आणि आत्याच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती.

एक मोठी गाडी थांबली. चष्मेवाला माणूस उतरला. “हवा भरा. चारही चाकांत दोन पॉइंट दोन.”

“दोन?” टकळी फिसकन हसली. “दोनवर गाडी कशी चालेल? बत्तीस लागते!”

“चूप गं,” आत्या म्हणाली. तिनं दाब मोजायचं घड्याळ चाकाला लावलं आणि टकळीच्या हातात दिलं. “बघ. बाहेरचा गोल बघ. किती?”

“बत्तीस.”

“आता आतला तांबडा गोल बघ. तोच काटा. किती?”

टकळीनं घड्याळ नाकाशी नेलं. “दोन... पॉइंट दोन.”

“बाहेरचा गोल पीएसआयचा. एका चौरस इंचावर किती पौंडांचा भार, ते सांगतो. आतला बारचा. काही गाड्यांच्या पुस्तकात बारमध्ये लिहितात. हवा तीच, चाक तेच. मोजायची पट्टी वेगळी. कापड वारात मोज नाहीतर मीटरमध्ये, अंगात तेवढंच येणार.”

“एक बार म्हणजे किती पीएसआय?”

“साडेचौदा धर.”

चष्मेवाला पैसे देऊन निघून गेला. टकळी तिथेच. तिच्या विज्ञानाच्या बाई आठवल्या, प्रत्येक उत्तराशी लाल पेन घेऊन उभ्या असलेल्या. “सात लिहिलंस. सात काय? सात मांजरं? एकक कुठे आहे?” आणि अर्धा गुण कापलेला. केवढी चिडायची टकळी त्या अर्ध्या गुणावर!

सात काय?

साडेचौदा सत्ते... शंभर आणि वर थोडं. एकशे एक.

म्हणजे काटा उतरलाच नव्हता. त्या पहिल्या दिवशीसुद्धा वाफ होती तेवढीच होती. शंभराचेच सात झाले होते, पट्टी बदलून! ती हसणार होती. हसू ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात डोक्यानं पुढचं गणित करून टाकलं, तिला न विचारताच. साडेआठ म्हणजे एकशे तेवीस. दहा म्हणजे एकशे पंचेचाळीस. आणि तिची डाळिंबी रेघ होती एकशे दहावर. आणि व्हॉल्व्हचं तोंड बांधलेलं.

“आत्या.” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “आई आत आहे.”

आत्यानं एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला पाना खाली टाकला. मालकांना फोन लावला. सोहळ्यात होते, कापला. आईचा फोन कामावर नेहमी कपाटात. आत्यानं स्कूटरला लाथ मारली. सुरू होईना. पुन्हा. पुन्हा. “चल गं भवाने!” ती स्कूटरवर ओरडली आणि स्कूटर सुटली. टकळी मागे, एका हातात आत्याचा पदर, दुसऱ्यात ते घड्याळ. वाटेत प्रत्येक खड्ड्यात तिला वाटायचं, आता ऐकू येईल. आता.

अंगणात कुत्रंही नव्हतं. सगळे आत.

दारातूनच आच लागली. शंभरेक माणसं एकमेकांना चिकटून उभी, पोरं खांद्यांवर, आणि सगळ्यांत पुढे, बॉयलरपासून हातभर अंतरावर, तिची आई. महाराजांचा पाण्याचा तांब्या धरायचा मान तिला मिळाला होता. काटा साडेनऊच्या जरासा पुढे. लोखंडाच्या एका जोडातून वाफेचा केसाएवढा धागा सरळ बाहेर येत होता आणि लोक त्याला हात जोडत होते. स्वतः महाराज कुठे? दाराशी. अगदी उंबऱ्यावर, एक पाय बाहेर.

“आई! बाहेर ये!”

“श्शू!” चहूकडून.

“नऊ काय?” टकळी ओरडली. “महाराज, नऊ काय ते सांगा! पौंड की बार?”

“देवाच्या हिशेबाला मापं नसतात, बाळ.”

“मुलीला बाहेर काढा रे,” मालक म्हणाले.

“मालक, ते बार आहेत! एका बारचे साडेचौदा पौंड होतात! आत्ता आत एकशे अडतीस...”

“अगं, काटा नऊवर आणि म्हणे एकशे अडतीस!” टेम्पोवाला हसला. मग सगळेच हसले. त्या हसण्यात फिस्स आवाज बुडून गेला आणि टकळीच्या लक्षात आलं की इथे गुणाकार सांगून काही व्हायचं नाही. हे लोक गणितासाठी आलेच नव्हते. ते चमत्कार बघायला आले होते.

मग तिनं छाती फुगवली. “महाराजांनी शंभराचे सात केले ना? मी बत्तिसाचे दोन करून दाखवते! मंत्र नाही, ढेकर नाही! बाहेर अंगणात! आत्ताच्या आत्ता! ज्याला चुकवायचंय त्यानं इथेच थांबा!”

हे मात्र लागू पडलं. पोरं आधी वळली, पोरांमागे आया, आयांमागे बाकीचे. “काय करतेय बघू तरी,” “आगाऊ आहे कार्टी,” म्हणत म्हणत निम्मी खोली रिकामी झाली. आत्यानं स्कूटर स्टँडवर चढवलीच होती. टकळीनं मागच्या चाकाला घड्याळ लावलं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं.

“टेम्पोवाले काका, तुम्ही वाचा. बाहेरचा गोल.”

“बत्तीस.”

“आता आतला.”

टेम्पोवाल्यानं डोळे बारीक केले. “दोन... दोनच्या वर थोडं.” त्यानं पुन्हा बघितलं. बाहेरचा, आतला, पुन्हा बाहेरचा. चाकाला हात लावून दाबून पाहिलं. चाक टणक. त्याचं हसू हळूहळू उतरलं. “हवा तर तेवढीच आहे.”

“मग महाराज काय प्यायले?” टकळीनं विचारलं.

दारातून मालक ऐकत होते, चेहरा पांढरा. पण आई अजून आत होती. तांब्या धरून, काका तिच्या शेजारी. टकळी आत धावली, आच तोंडावर घेत.

“आई, चल!”

“महाराज म्हणाले, मध्येच सोडलं तर...”

“आई, चादरी!” टकळीला रडू फुटलं. “तूच म्हणालीस ना, चादरी तपकिरी होतायत? वाफ कमी असती तर झाल्या असत्या का? तुला आकडे नको मानूस. चादरी मान! त्या तर तुझ्या हाताखालून गेल्यात!”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग वर त्या तांबड्या कापडाकडे. “कुकरची शिट्टी,” ती हळूच म्हणाली. आणि पुढच्या क्षणी असं ओरडली की टकळीनं आईचा तो आवाज आधी कधी ऐकलाच नव्हता. “अगं बायांनो, पळा! त्या मेल्यानं कुकरची शिट्टी बांधून ठेवलीय! पळा!”

गुणाकार कोणाला कळला, कोणाला नाही. हे सगळ्यांना कळलं. तांब्या घरंगळत गेला. उरलेली माणसं दारातून अशी बाहेर पडली की मालकांची एक चप्पल शेवटपर्यंत सापडली नाही.

आत राहिले फक्त थर्मासकाका; टकळी आईसकट दारात थबकली होती. त्यांनी बॉयलरच्या अंगावरची पितळी पट्टी बाहीनं पुसली, डोळे जवळ नेऊन वाचली. “कमाल एकशे वीस पौंड,” ते मोठ्यानं म्हणाले. मग भराभर हलले, भाजलेला हात विसरून. भट्टीवर ओली राख. धुराड्याची झडप बंद. रोलरकडे जाणारी वाफ पूर्ण उघडी. “पोरी, भिंतीपलीकडे जा!” एवढं लांब वाक्य त्यांनी वर्षभरात उच्चारलं नसेल.

भिंतीपलीकडे आईनं टकळीला इतकं घट्ट धरलं होतं की धडधडणारं काळीज आईचं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळत नव्हतं. एक माणूस आत, आणि ते धूड.

“नऊ!” आतून काकांचा आवाज आला. थोड्या वेळानं, “साडेआठ! आता सोडतो!”

लांब आकडीनं त्यांनी ते कापड ओढलं. आत जाड तार होती. तारेचा पीळ सुटला आणि दांडी उचलली गेली.

व्हॉल्व्ह किंचाळला. महिनाभर ज्या आवाजाला सगळे भूत म्हणत होते तो आवाज छप्पर फोडून आभाळात गेला, पांढरी वाफ खिडक्यांतून भसाभस बाहेर आली, आणि अंगणात एक बाई मोठमोठ्यानं रडायला लागली. या वेळी कोणी पळालं नाही. सगळे ऐकत उभे राहिले. किंचाळी बारीक झाली, कण्हली, थांबली. दांडी खाली बसली.

“साडेसात,” काका दारात येऊन म्हणाले आणि उंबऱ्यावरच मटकन बसले.

महाराज फाटकापर्यंत पोचले होते. आत्यानं त्यांना झोळीच्या पट्ट्यानं धरलं. ज्या हातांनी ती रिममधून टायर उपसते त्या हातांतून झोळी सुटणं शक्यच नव्हतं. पट्टा तुटला. तांब्याच्या अंगठ्या, तांबड्या रंगाची डबी, नट फिरवायचे दोन पाने, आणि त्यांच्यावर आपटत एक पितळी घड्याळ बाहेर आलं. काचेवर डाळिंबी रेघ.

“माझं नेलपॉलिश!” टकळी ओरडली.

आईनं घड्याळ उचललं, पदरानं पुसलं. खाली बारीक अक्षरांत पीएसआय. काकांनी नाक काचेशी नेऊन आतून दुसऱ्या घड्याळावरची अक्षरं वाचून सांगितली. तीही तेवढीच बारीक. बार.

“मी वाफेला हात लावला नाही,” महाराज म्हणत होते. मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. “जुन्या यंत्रांची घड्याळं विकायचो मी बाजारात. मला वाटलं, नुसता आकडा लहान दिसेल. लोक खूश होतील. तेवढंच.”

“आणि ती तार?” मालकांनी विचारलं.

“किंचाळलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता का?”

आत्या काही बोलणार होती, पण तिला शिवीसुद्धा सुचेना. आत्याला शिवी सुचली नाही असा हा एकच प्रसंग. पोलीस येईपर्यंत तिनं महाराजांना स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून ठेवलं, अगदी मानानं, आणि किल्ली स्वतःच्या कमरेला.

बॉयलर थंड झाला. तपासणीसाला बोलावलं, तो आला, त्यानं सगळे जोड ठोकून पाहिले आणि मालकांना खूप काही ऐकवलं. गळणारा जोड बदलेपर्यंत लाँड्री बंद राहिली. जुनं घड्याळ पुन्हा आपल्या जागी गेलं. मालक टकळीला म्हणाले, “रेघ पुन्हा काढून दे.”

टकळीनं काढली. शिवाय खाली एक पाटी लिहून लावली, इतक्या मोठ्या अक्षरांत की काकांनाही चष्म्याशिवाय दिसावी: शंभर पीएसआय म्हणजे सुमारे सात बार. काट्याचा नुसता आकडा सांगू नका. आकडा आणि एकक, दोन्ही सांगा.

पहिल्या दिवशी भट्टी पुन्हा पेटली तेव्हा आई रोलरपाशी उभी होती. हात थोडे थरथरत होते. दुपारी काकांनी तपासणीसाच्या सांगण्यावरून दाब मुद्दाम रेघेपर्यंत नेला. व्हॉल्व्ह किंचाळला. दोन-तीन बायका दचकल्या. आईनं चादरीची घडी मोडली नाही.

“ओरडू दे,” ती म्हणाली. “तो ओरडतोय तोवर आपण घरी जाणार.”

एवढंच आहे ते. भीती वाटली म्हणून कोणी मूर्ख होत नाही. त्या लाँड्रीतली सगळी माणसं शहाणी होती आणि सगळी घाबरलेली होती. पण भ्यायलेल्या माणसाला कोणी लहान आकडा दाखवून “झालं, गेलं संकट” म्हणालं, तर ते घड्याळ कोणाचं, पट्टी कोणती, आणि जे ओरडत होतं त्याचं तोंड का बांधलं, एवढं विचारा. दंडाला चिमटा बसेल, लोक हसतील, तरी विचारा. दहा जणांत मोठ्यानं विचारा. सात काय?